भर उन्हाळ्यातला नाताळ, मॅलाकूटाचा रस्ता आणि तिथे राहिलेला डबा

सरिता_मेलबर्न | २ डिसेंबर २०२४

सर्वांना नमस्कार.

या नाताळच्या सुट्टीत आम्ही मेलबर्नहून प्रिन्सेस हायवेने पूर्वेला, व्हिक्टोरियाच्या अगदी टोकाला असलेल्या मॅलाकूटा या गावी जाणार आहोत. आम्ही दोघे, सोळा वर्षांची मुलगी आणि सांगलीहून आलेल्या, नुकतीच पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या सासूबाई असे चौघे आहोत. मेलबर्नहून सुमारे ५०० किलोमीटर आणि सिडनीहूनही जवळपास तेवढ्याच अंतरावर असलेले हे गाव खाडीच्या काठी वसलेले आहे. महामार्गावरच्या जिनोआपासून तिथे पोहोचायला जंगलातून जाणारा एकच रस्ता आहे. एरवी तिथे हजारभर माणसे राहतात. नाताळात मात्र खाडीकाठचे सगळे मैदान तंबूंनी भरून जाते आणि कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागेवर तंबू टाकतात.

आम्ही तिथे यापूर्वी एकदाच, २०१९ च्या नाताळात गेलो होतो आणि तेव्हाही सासूबाई बरोबर होत्या. त्या वर्षी सप्टेंबरपासून न्यू साउथ वेल्समध्ये वणवे पेटलेले होते, पण आम्ही पोहोचलो तेव्हा मॅलाकूटाचे आकाश निळेशार होते. रविवारी, २९ डिसेंबरला, राज्याच्या आणीबाणी व्यवस्थापन आयुक्तांनी ईस्ट गिप्सलँडमधल्या सर्व पर्यटकांना त्या भागातून बाहेर पडण्याचे आवाहन केले. आम्ही तासाभरात तंबू गुंडाळला. शेजारच्या तंबूत गिप्सलँडचेच एक वयस्क दांपत्य होते. त्यांनी निघताना सासूबाईंच्या हातात चेरींची पिशवी ठेवली आणि आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांना दिलेला चिवड्याचा स्टीलचा डबा त्या गडबडीत त्यांच्याकडेच राहिला. ते दोघे मात्र थांबले. दुसऱ्या दिवशी महामार्ग बंद झाला आणि ३१ डिसेंबरच्या सकाळी आग गावात शिरली. सुमारे चार हजार माणसे गावात आणि पाण्याच्या काठी अडकली, शंभराहून अधिक घरे जळाली आणि ३ जानेवारीला नौदलाच्या ‘शूल्स’ या जहाजातून सुमारे हजार लोकांना समुद्रमार्गे बाहेर काढावे लागले. त्या जहाजात आमचे शेजारीही होते, हे आम्हाला नंतर कळले.

‘पुढच्या नाताळला येऊ आणि डबा घेऊन जाऊ,’ असे सासूबाईंनी फोनवर त्यांना सांगितले होते. मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद झाल्या आणि पर्यटक व्हिसावर येणाऱ्यांसाठी त्या २१ फेब्रुवारी २०२२ रोजी उघडल्या. त्यानंतर सासूबाईंचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले. असे करता करता पाच वर्षे गेली. दर नाताळला शुभेच्छांचा निरोप दोन्ही बाजूंनी जातो आणि यंदा ते दोघे त्यांच्या नेहमीच्या जागेवर असणार आहेत.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली अशी की, वणव्यांच्या मोसमात वयस्कर माणसाला घेऊन या रस्त्याने जाताना आपण काय तयारी करता? पाच वर्षांपूर्वी आम्ही वेळेवर निघालो ते शहाणपणाने नव्हे, तर शेजाऱ्यांनी ‘तुमच्याबरोबर लहान मूल आणि आई आहेत, तुम्ही आत्ता निघा’ असे सांगितले म्हणून. दुसरी गोष्ट थोडी वेगळी आहे. नव्या वर्षाकडून आपली काय अपेक्षा आहे, हेही आपण लिहावे असे मला वाटते. ३१ डिसेंबर ही तारीख आमच्या घरात आता निव्वळ आनंदाची राहिलेली नाही. ती पुन्हा आनंदाची व्हावी म्हणून आम्ही त्याच जागी चाललो आहोत.

वसईकर_सिडनी | ३ डिसेंबर २०२४

सरिताताई, आपला धागा वाचून राहवले नाही म्हणून लगेच लिहितो. मी वसईचा. नाताळ म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर अंगणात मांडलेला येशूजन्माचा गोठा, दारावरचा तारा आणि गारठ्यात शाल गुंडाळून मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघालेली आजी येते. सिडनीत आल्यावर पहिल्या वर्षी संध्याकाळच्या मिस्साला भर उन्हातून, घामाने भिजलेल्या सदऱ्यात गेलो, तेव्हा हा सण आपला नव्हेच असे वाटले होते. आता माझी मुले गोठा मांडताना गवताच्या जोडीला युकॅलिप्टसची पाने अंथरतात आणि त्या वासाशिवाय मलाही नाताळ पूर्ण वाटत नाही.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मी थोडे अधिकाराने देऊ शकतो, कारण २०२० पासून मी रूरल फायर सर्व्हिस या ग्रामीण अग्निशमन दलाच्या आमच्या भागातल्या तुकडीत स्वयंसेवक आहे. २०१९-२० च्या त्या उन्हाळ्यात ३३ माणसे गेली, त्यांत नऊ जण आग विझवणारे होते, आणि ३,००० हून अधिक घरे जळाली. मी तेव्हा घरी बसून बातम्या पाहत होतो. ते मला सहन झाले नाही, म्हणून नाव नोंदवले.

तयारीचे म्हणाल, तर सगळ्यात महत्त्वाची तयारी म्हणजे निघण्याचा निर्णय आधी ठरवून ठेवणे. धोक्याच्या चार पातळ्या असतात: मध्यम, उच्च, अतितीव्र आणि सर्वात वरची विनाशकारी. रस्त्याकडेच्या अर्धगोल फलकावर त्या दिवसाची पातळी दाखवलेली असते. ‘अतितीव्र असेल त्या दिवशी आम्ही जंगलातल्या एकेरी रस्त्यावर नसू,’ असे घरात बसूनच ठरवा. ज्वाळा दिसल्यावर किंवा धूर दाटल्यावर निघणे हे बहुतेक वेळा उशिराचे असते आणि त्या उन्हाळ्यात कित्येक जीव गाडीत किंवा गाडीजवळच गेले. व्हिक्टोरियात ‘व्हिक इमर्जन्सी’ हे ॲप आणि सीमा ओलांडल्यावर न्यू साउथ वेल्सचे ‘हॅझर्ड्स निअर मी’ असे दोन्ही फोनमध्ये ठेवा. मात्र ऑरबॉस्टपासून जिनोआपर्यंत जंगलात फोनची रेंज वारंवार जाते, त्यामुळे गाडीच्या रेडिओवर एबीसीचे स्थानिक केंद्र लावून ठेवा. पेट्रोल ऑरबॉस्टला पुन्हा पूर्ण भरा. प्रत्येकासाठी एक लोकरी घोंगडी, पायघोळ सुती कपडे, बंद बूट आणि भरपूर पाणी गाडीत असू द्या. सिंथेटिक कापड उष्णतेने वितळून कातडीला चिकटते, म्हणून सासूबाईंना प्रवासात सुती साडीच नेसायला सांगा.

सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपास गाडी चालवू नका, कारण त्याच वेळी कांगारू आणि वॉम्बॅट रस्त्यावर येतात. प्राणी समोर आला तर ब्रेक लावा, पण गाडी वळवू नका. झाडावर आदळून होणारी हानी फार मोठी असते. आमच्या राज्यात नाताळ ते नववर्षाच्या काळात वेगमर्यादा, सीटबेल्ट आणि मोबाइल यांबाबतच्या गुन्ह्यांना परवान्यावरचे दंडगुण दुप्पट लागतात, हेही लक्षात असू द्या. वाटेत ‘ड्रायव्हर रिव्हायव्हर’ असा फलक दिसला तर अवश्य थांबा. तिथे गावातले स्वयंसेवक, बहुधा निवृत्त माणसे, प्रवाशांना फुकट चहा आणि बिस्किटे देतात. त्यांना त्यातून काही मिळत नाही. माणूस पेंगुळला असेल तर पाच मिनिटे थांबावा, एवढाच त्यांचा हेतू असतो.

आणि एक विनंती. वाटेतल्या बेर्न्सडेलच्या सेंट मेरीज चर्चमध्ये अर्धा तास काढा. १९३० च्या दशकातल्या मंदीत काम नसलेल्या फ्रान्चेस्को फ्लोरेआनी या इटालियन स्थलांतरिताने त्याच्या भिंती आणि सगळे छत रंगवलेले आहे. मान वर करून पाहिले की छतभर देवदूत दिसतात. परक्या देशात, हाताला काम नसताना, त्या माणसाने छतावर स्वर्ग रंगवला, ही गोष्ट मला आपल्यासारख्या घर सोडून आलेल्या माणसांसाठी फार मोलाची वाटते.

मांडवी_पणजी | ३ डिसेंबर २०२४

आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री वाड्यावाड्यांवर ‘ओल्ड मॅन’ जाळतात. जुने कपडे आणि पेंढा भरून मुले म्हातारा तयार करतात, त्याला खुर्चीत बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे गोळा करतात आणि बाराच्या ठोक्याला सरते वर्ष म्हणून त्याला पेटवून देतात. लहानपणापासून आगीची आणि नव्या वर्षाची सांगड माझ्या मनात अशी आनंदाने बसलेली आहे. आपण जिथे जात आहात तिथे त्याच तारखेला आगीने काय केले, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले.

मार्च २०२३ मध्ये आमच्या म्हादई अभयारण्याच्या डोंगरांत वणवे लागले आणि नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन धावली. तोवर गोव्याचे हिरवे डोंगर असे जळू शकतात याची आम्हाला कल्पनाच नव्हती. नव्या वर्षाकडून माझे मागणे एवढेच आहे की, उन्हाळा लागण्यापूर्वी आमच्या सत्तरी तालुक्यातल्या माणसांना पूर्वसूचना मिळण्याची काही पक्की सोय व्हावी. वर वसईकरांनी रेडिओचे आणि फलकांचे लिहिले आहे, ते मी आमच्या गावच्या शाळेतल्या शिक्षकांना वाचून दाखवणार आहे.

निळाई_गोल्डकोस्ट | ५ डिसेंबर २०२४

सरिताताई, आगीबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे. मी पाण्याबद्दल लिहितो, कारण या सुट्टीत आपल्या लोकांचा जीव आगीपेक्षा पाण्यात अधिक जातो असे मी पाहत आलो आहे. मी सात वर्षे किनाऱ्यावर स्वयंसेवक जीवरक्षक आहे.

आपण विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेली माणसे. कृष्णेच्या डोहात जे उपयोगी पडते ते इथल्या समुद्रात पुरत नाही. वरून लाल आणि खालून पिवळ्या अशा दोन झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पाण्यात उतरा. ते झेंडे नसतील तर उतरू नका. ‘रिप’ म्हणजे किनाऱ्यावर आलेले पाणी ज्या अरुंद वाटेने पुन्हा समुद्राकडे वेगाने परतते तो प्रवाह. तो ओळखण्यात माणूस नेमका फसतो, कारण त्या जागी लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसते, आणि मुलांना घेऊन उतरायला हीच जागा बरी असे वाटते. प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, कारण दमलेला माणूस बुडतो. पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा, आणि बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत जिथे लाटा फुटताना दिसतात तिकडे जा. बुडणाऱ्याला वाचवायला रिकाम्या हातांनी उडी घेऊ नका. आधी काहीतरी तरंगणारी वस्तू हाती घ्या, मग ते शीतपेटीचे झाकण का असेना.

आपली मुलगी सोळा वर्षांची आहे असे लिहिले आहे. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना जीवरक्षकाचे ‘ब्राँझ मेडॅलियन’ प्रशिक्षण घेता येते. नव्या वर्षाची माझी इच्छा विचाराल तर ती हीच आहे: आपल्या मंडळांमध्ये गणपतीला मुलांचे नाच बसवण्यासाठी जेवढा वेळ आपण आनंदाने देतो, तेवढाच वेळ उन्हाळ्याच्या तोंडावर मुलांना समुद्र ओळखायला शिकवण्यासाठी द्यावा.

आनंदयात्री_पुणे | ६ डिसेंबर २०२४

माझे आईवडील पुढच्या वर्षी मुलाकडे पर्थला जाणार आहेत, म्हणून हा धागा जपून ठेवत आहे. एक साधी शंका आहे. नाताळच्या दिवशी दुकाने बंद असतात असे ऐकले आहे. मग प्रवासात पथ्याच्या जेवणाचे कसे करता?

सरिता_मेलबर्न | ७ डिसेंबर २०२४

सर्वांचे मनापासून आभार. वसईकर, आम्ही निर्णय लिहून काढला आणि तो कागद फ्रिजवर लावला आहे: अतितीव्र पातळी असेल त्या दिवशी गाव सोडून जंगलातल्या रस्त्याला लागायचे नाही, आणि दोन दिवस आधी तसा अंदाज आला तर उरलेली सुट्टी सोडून परत फिरायचे. तंबूऐवजी या वेळी छोटी लाकडी खोली घेतली आहे, कारण सासूबाईंना जमिनीवरून उठता येत नाही.

आनंदयात्री, नाताळच्या दिवशी जवळजवळ सगळे बंद असते हे खरे आहे. आम्ही भाजणी, मेतकूट, लाडू आणि भाजलेला रवा घरूनच घेतो. फळांची मात्र चंगळ असते, कारण इथला आंबा डिसेंबरात येतो. क्वीन्सलँडचा केन्सिंग्टन प्राइड हापूसच्या जवळ जात नाही, असे सासूबाईंनी पहिल्याच फोडीला जाहीर केले. तरीही त्यांनी अख्खी पेटी घ्यायला लावली आहे आणि नाताळला आमरस-पुरीचा बेत ठरला आहे.

सरिता_मेलबर्न | ३ जानेवारी २०२५

काल रात्री घरी पोहोचलो. सगळे सुखरूप आहोत. सविस्तर लिहिते.

२४ डिसेंबरला उजाडल्यावर निघालो. बेर्न्सडेलच्या चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्सासाठी फुले लावण्याचे काम चालू होते. सासूबाई बाकावर मान मागे टेकून छताकडे पाहत इतका वेळ बसल्या की, फुले लावणाऱ्या एका बाईंनी त्यांच्या पाठीशी उशी आणून ठेवली.

ऑरबॉस्टला स्नोई नदी ओलांडली की जंगल सुरू होते. या रस्त्याची मला भीती होती. पाच वर्षांपूर्वी आम्ही इथून परतलो तेव्हा दोन्ही बाजूंना उंच, फिक्या सालीची झाडे होती. आता ती खोडे काळी आहेत. पण पुष्कळ झाडांच्या काळ्या बुंध्यांना जमिनीपासून शेंड्यापर्यंत पालवी फुटलेली आहे, जणू प्रत्येक खोडाने हिरवी लोकर पांघरली आहे. युकॅलिप्टसच्या सालीखाली सुप्त डोळे असतात आणि वरच्या फांद्या जळाल्या की ते जागे होऊन थेट खोडातून फुटतात, असे मुलीने आजीला समजावले. कॅन रिव्हरच्या पुढे एका थांब्यावर सासूबाईंनी एका बुंध्यावर हात ठेवला आणि तो काळा होऊन परत आला. पाच पावसाळे होऊन गेल्यावरही कोळसा हाताला लागत होता. त्यांनी ते बोट मुलीच्या कानामागे लावले, दृष्ट लागू नये म्हणून लावतात तसे, आणि गाडीत येऊन बसल्या.

मॅलाकूटाला आमचे शेजारी त्यांच्या नेहमीच्या जागेवर होते. आजोबा आता काठी घेऊन चालतात. ३१ डिसेंबर २०१९ च्या सकाळी नऊच्या सुमारास आकाश मध्यरात्रीसारखे काळे झाले आणि मग लाल झाले. गावात गॅसच्या टाक्या फुटल्याचे आवाज येत होते आणि ते दोघे धक्क्यापाशी ओल्या घोंगड्या डोक्यावर घेऊन बसले होते, असे त्यांनी आम्हाला सांगितले. ते सांगताना आजी उठून तंबूत गेल्या आणि डबा घेऊन आल्या.

आपल्याकडे लग्नात मिळालेल्या भांड्यांवर नाव घातलेले असते, तसे सासूबाईंचे नाव आणि १९७२ हे साल त्या डब्यावर कोरलेले आहे. जहाजावर चढताना प्रत्येकाला एकच लहान पिशवी घेण्याची मुभा होती. औषधे आणि काडीपेटी कोरडी राहावी म्हणून आजींनी ती याच डब्यात घातली होती, कारण त्याचे झाकण घट्ट बसते. पाच वर्षे तो त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी होता. त्यांना ती अक्षरे वाचता येत नव्हती. सासूबाईंनी त्यांचे बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवले आणि आपले नाव वाचून दाखवले. डबा चेरींनी भरलेला होता. रिकामा डबा परत करू नये ही रीत त्यांना कोणी सांगितली होती, असे मी विचारले, तर त्या म्हणाल्या की त्यांच्या आईची रीतही तीच होती.

नाताळला दुपारी त्यांच्या टेबलावर थंड कोळंबी, हॅम आणि पॅव्हलोवा हे गोड पक्वान्न होते, आमच्याकडून आमरस आणि पुऱ्या होत्या. त्यांच्या नातवंडांनी पुरीत आमरस भरून ती गुंडाळून खाल्ली आणि सासूबाईंनी त्यांना तसे खाऊ दिले.

२६ तारखेला कडक ऊन आणि वारा होता. पश्चिमेकडे ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांत आधीपासूनच मोठा वणवा पेटलेला होता आणि रेडिओवर तिथल्या गावांसाठी सूचना चालू होत्या. आम्ही फ्रिजवरच्या कागदाप्रमाणे वागलो, दिवसभर गावात राहिलो, बॅगा भरून गाडीत ठेवल्या आणि दर तासाला ॲप पाहिले. त्या रात्री मला झोप लागली नाही हे मान्य करते. आमच्या बाजूला काही झाले नाही. २८ तारखेला मात्र तंबूंचा सगळा तळ मेलबर्नच्या कसोटीचे समालोचन ऐकत होता. नितीश रेड्डीने शतक पूर्ण केले तेव्हा शेजारच्या आजोबांनी काठी उंचावली आणि माझ्या यजमानांनी त्यांना मिठी मारली.

निळाई, मुलीने मॅलाकूटाच्या बॅस्टियन पॉइंट या समुद्रकिनाऱ्यावर पाण्यात उतरण्यापूर्वी वाळूच्या टेकाडावर उभे राहून मला रिपची जागा बोटाने दाखवली. मी तिथे शांत पाणी पाहून तीच जागा निवडली असती.

सीमेपलीकडे न्यू साउथ वेल्समधल्या एडन या गावी वसईकर कुटुंब सिडनीहून येऊन भेटले. तिथल्या संग्रहालयात ‘ओल्ड टॉम’ या किलर व्हेलचा सांगाडा आहे. तो आणि त्याचा कळप मोठे देवमासे टूफोल्ड उपसागरात हाकलत आणून तिथल्या शिकाऱ्यांना मदत करत असे. मुले त्या दातांपासून हलायला तयार नव्हती. वसईकरांच्या घरच्या करंज्या आम्ही धक्क्यावर बसून खाल्ल्या.

आता ३१ डिसेंबरबद्दल. संध्याकाळी गावातली माणसे कसलाही कार्यक्रम जाहीर न करता खाडीकाठी येऊन बसली. इथे २१ डिसेंबरला वर्षातला सर्वात मोठा दिवस होऊन गेलेला असतो. आपल्याकडे संक्रांतीच्या सुमारास दिवस तिळातिळाने मोठा होऊ लागतो तेव्हा इथे तो तिळातिळाने लहान होतो, पण नऊ वाजताही पाण्यावर उजेड होता आणि पेलिकन काठावर उभे होते. कोणी भाषण केले नाही. काही जण धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभे राहिले आणि परत आले. अंधार पडल्यावर मुलीने सांगितले की तिने जीवरक्षकाच्या प्रशिक्षणासाठी अर्ज भरला आहे, आणि पुढच्या नाताळात ती बॅस्टियन पॉइंटवर झेंड्यांपाशी पिवळ्या सदऱ्यात उभी राहू इच्छिते. सासूबाईंनी विचारले की त्या सदऱ्याला पूर्ण बाह्या असतात का.

नव्या वर्षाकडून सासूबाईंना काय हवे आहे, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, दुसरा गुडघा.

वसईकर_सिडनी | ४ जानेवारी २०२५

ताई, परतताना आम्ही कोबार्गोला थांबलो होतो. ३१ डिसेंबर २०१९ च्याच पहाटे त्या गावाचा मुख्य रस्ता जळाला होता. आता काही दुकाने नव्याने उभी आहेत आणि काही जागा अजून मोकळ्या आहेत. पुढे मोगोच्या प्राणिसंग्रहालयात मुलांना सिंह आणि जिराफ दाखवले. २०१९ मध्ये तिथले कर्मचारी आग येऊनही थांबले, मोठे प्राणी पिंजऱ्यांच्या आतल्या खोल्यांत हलवले, तर लहान माकडे आणि लाल पांडा संचालकांनी स्वतःच्या घरात ठेवले, आणि एकही प्राणी दगावला नाही. मुले दिवसभर तेच बोलत होती की, घरात पांडा कुठे ठेवला असेल.

माझी नव्या वर्षाची इच्छा अशी आहे की, आमच्या तुकडीला या उन्हाळ्यात सराव करण्यापलीकडे काही काम पडू नये. एक विचारायचे राहिले. एडनला आपण भेटलो तेव्हा सासूबाईंच्या हातात डबा होता, पण मला फोटो पाठवला आहे त्यात गाडीत तो दिसत नाही.

सरिता_मेलबर्न | ४ जानेवारी २०२५

तो मॅलाकूटालाच आहे. निघण्याच्या आदल्या रात्री सासूबाईंनी घरून आणलेले उरलेले पोहे खोलीतल्या छोट्या शेगडीवर भाजले, शेंगदाणे, खोबरे आणि कढीपत्ता घालून चिवडा केला, डबा गच्च भरला आणि सकाळी शेजारच्या आजींच्या हातात दिला. ‘पुढच्या नाताळला घेऊन जाईन,’ असे त्यांनी मराठीत सांगितले आणि आजींनी मान डोलावली. आम्ही २०२५ च्या डिसेंबरसाठी तीच खोली आरक्षित केली आहे.